पाटीलकी किती जुनी? एका प्रश्नात दडलेले चार प्रश्न

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. आडनाव पाटील, गाव सातारा जिल्ह्यातलं. आजोबा सांगायचे की आपली पाटीलकी शिवाजी महाराजांनी दिली. कॉलेजातला मित्र म्हणतो, ‘वतन’ हा शब्दच अरबी, तेव्हा ही सगळी पद्धत बहामनींनी आणली. आणि एका व्याख्यानात तुम्ही ऐकलंत की पाटील थेट सातवाहनांपासून आहेत. त्यातच घरच्या पेटीत एक मोडी कागद निघाला आणि त्याची वरची ओळ कुणी तरी वाचून दिली: ‘सु॥ सलास सबैन मया व अलफ’. आता तिघांपैकी खरं कोण?

मी सत्तावीस वर्षं मोडी कागद वाचतोय. लोक रुमालात बांधून, पिशवीत घालून, कधी फ्रेम करून कागद आणतात, आणि दहातले आठ जण हाच प्रश्न विचारतात. माझा अनुभव असा की तिघंही थोडे बरोबर असतात, कारण तिघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. पाटील हा शब्द एक, गावाचा कारभार पाहण्याचं काम दुसरं, त्या कामाबद्दलचा पिढीजात आणि विकता येणारा हक्क म्हणजे वतन तिसरं, आणि ते वतन ज्या घरात आलं ते तुमचं घर चौथं. या चौघांची वयं सारखी नाहीत. सगळी भांडणं होतात ती एकाचं वय दुसऱ्याला चिकटवल्यामुळे.

आधी काम, कारण तेच सगळ्यात जुनं.

हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत ‘गामणी’ वारंवार भेटतो. ग्रामणी, म्हणजे गावाचा म्होरक्या. त्याची मुलगी, त्याचा मुलगा, त्याचं घर यांच्यावर महाराष्ट्री प्राकृतात किती तरी गाथा आहेत. एखाद्या पदाभोवती शृंगारकविता जमा होते तेव्हा ते पद लोकांच्या रोजच्या ओळखीचं झालेलं असतं, असं मला वाटतं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातही एका गावाचा अधिपती, त्याच्यावर दहा गावांचा, मग वीस, शंभर आणि हजार गावांचा, अशी उतरंड सांगितली आहे. ती प्रत्यक्षात तशी कुठे किती चालली हा मुद्दा वेगळा. गावाला एक प्रमुख असतो आणि राज्य त्याच्याशी बोलतं, एवढं मात्र त्यातून पक्कं होतं.

राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत, म्हणजे आठव्या ते दहाव्या शतकात, राजा जमीन दान देताना कुणाकुणाला कळवतो त्याची ठरलेली यादी असते: राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक, महत्तर. यातला राष्ट्रपती म्हणजे प्रांताचा अधिकारी, विषयपती त्याच्याखालच्या जिल्ह्याचा. ग्रामकूट म्हणजे गावचा प्रमुख. आणि ‘राष्ट्रकूट’ या शब्दाचा अर्थ पाहिला तर तो प्रदेशाचा प्रमुख असाच होतो, अगदी देशमुखासारखा. गाव आणि परगणा या दोन पायऱ्यांवरची जोडी, पुढच्या काळातले पाटील आणि देशमुख, ही इथे वेगळ्या नावांनी उभी दिसते. म्हणजे व्याख्यात्यांचं म्हणणं कामापुरतं खरं. सातवाहनकाळी गावाला म्होरक्या होता. तो ‘पाटील’ नव्हता.

मग पाटील हे नाव कधीचं? ते ‘पट्टकिल’ या शब्दावरून आलं. पट्टकिल, पट्टइल, पाटैल आणि मग आपला पाटील. गुजरातीतला पटेलही त्याच घरचा. माळव्याच्या परमारांच्या ताम्रपटांत हा शब्द ठळक दिसतो. भोज राजाने कोकणावरच्या विजयाच्या निमित्ताने १०२० साली दानं दिली, आणि त्या दानपत्रांतली आज्ञा ब्राह्मणांबरोबर गावातल्या ‘पट्टकिल-जनपदादीं’ना उद्देशून आहे. त्या काळी आपल्या दक्षिणेला, कन्नड लेखांत, याच पदाला ‘गावुंड’ म्हणत. त्याचाच आजचा गौडा. सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागातल्या कागदांत तुम्हाला पाटील आणि नाडगौडा शेजारी शेजारी दिसतील, त्याचं कारण ही सरमिसळ. तेव्हा शब्दाचं वय हजार वर्षं धरायला हरकत नाही.

आता तुमच्या मित्राचा मुद्दा. तो हलका समजू नका. वतन, इनाम, मिरास, हक्क, महजर, मोकदम हे सगळे अरबी शब्द. १३४७ साली बहामनी राज्य उभं राहिलं, आणि पुढची तीनशे वर्षं दख्खनच्या दरबारांची लेखनभाषा फारसी राहिली. त्या भाषेतून हे शब्द आपल्या दप्तरात आले आणि इतके मुरले की छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या कागदांतही तेच चालले. पण शब्द आला म्हणजे वस्तू त्याच दिवशी आली असं होत नाही. वतनाच्या आधी आपल्याकडे ‘वृत्ती’ हा शब्द होता, आणि जोशीपणाच्या किंवा उपाध्येपणाच्या कागदांत तो अठराव्या शतकातही सुखाने नांदतो. एकाच कागदात ‘वतन वृत्ती’ असा जोडशब्द मी अनेकदा वाचला आहे. जुनं नाव पुसलं गेलं नाही, नवं त्याच्या शेजारी येऊन बसलं.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा मला चाळीसगावजवळच्या पाटणचा वाटतो. शके ११२८, म्हणजे १२०६ सालचा हा शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, आणि त्या मठाला काय काय उत्पन्न तोडून दिलं ते यादवकाळच्या मराठीत कोरून ठेवलंय. ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’, म्हणजे या पाटणात जो माल विक्रीला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा जो भाग होता तो मठाला दिला. पुढे घाण्यामागे पळी पळी तेल. ही पळी लक्षात ठेवा. साडेपाचशे वर्षांनंतरच्या मोडी कागदात देशमुखाचे किंवा पाटलाचे हक्क वाचायला घेतले की तिथेही तेल्याकडून घाण्यामागे तेल, वाण्याकडून सुपारी, बाजाराच्या दिवशी मालातली मूठ असतेच. ‘वतन’ हा शब्द पाटणच्या लेखात कुठेही नाही. पण ज्या लहान लहान हिश्शांच्या विटांनी पुढे वतन बांधलं गेलं, त्या विटा १२०६ साली तयार होत्या.

मग बहामनी आणि त्यांच्यानंतरच्या आदिलशाही-निजामशाहीच्या काळात नवीन काय झालं? माझ्या वाचनातून बनलेलं मत सांगतो. त्या काळात हक्काला कागदाचं बळ आलं. आधी जो मान आणि जो हिस्सा गावाच्या आठवणीत होता, तो महजरात (गोतसभेच्या निवाड्यात), फर्मानात, खुर्दखतात (सरकारी हुकमाच्या पत्रात) उतरला. एकदा कागदावर आलेली वस्तू वाटता येते, गहाण टाकता येते, विकता येते. निमी पाटीलकी विकल्याचे कागद मी हाताळले आहेत. एकात दोन घराण्यांनी मान असे वाटून घेतले होते की पोळ्याला आधी कुणाचा बैल, होळीला पहिली पोळी कुणाची, दसऱ्याला आपट्याला पहिला हात कुणाचा, सरकारी शिरपाव आला तर कुणी आधी घ्यायचा, आणि कागदावर कुणाचं नाव वर. शेवटच्या मुद्द्यावर दोन घरांचं तीन पिढ्या भांडण चाललं होतं. पैशाची वाटणी दोन ओळींत आटोपली होती आणि मानाला दोन हात कागद लागला होता. वतन म्हणजे काय ते कळायला मला त्या कागदाने जितकी मदत केली तितकी कुठल्याच व्याख्येने केली नाही.

शिवकाळाबद्दल आजोबांच्या बाजूने आणि विरुद्ध असं दोन्ही बोललं पाहिजे. महाराजांचं धोरण नवी वतनं वाटण्याचं नव्हतं. वतनदारांच्या हातातली वसुली काढून पगारी कामगारांकडे द्यायची, हक्क ठरवून बांधून द्यायचा, गढ्या-कोट माजवू द्यायचे नाहीत, अशी त्यांची रीत होती. वतन मुळासकट उपटून टाकलं नाही, लगाम घातला. रांझ्याच्या पाटलाचं १६४० च्या दशकातलं पत्र तुम्ही ऐकलं असेल. बदअमल, म्हणजे दुर्वर्तन, केला म्हणून त्याचे हातपाय तोडले. ती शिक्षा सगळ्यांना माहीत असते. पत्राच्या पुढच्या भागाकडे कमी लोकांचं लक्ष जातं. पाटीलकी जप्त झाली, आणि सरकारात रक्कम भरून घेऊन त्याच गोतातल्या माणसाला दिली. माणूस गुन्हेगार ठरला तरी वतन गोतात राहिलं. त्या पत्रात पाटलाला ‘मोकदम’, म्हणजे गावचा प्रमुख, म्हटलंय. अरबी शब्द, पट्टकिलाचं काम, मराठी गोत आणि महाराजांचा न्याय, हे चारही थर एका पानावर आहेत.

नवी वतनं आणि जुन्या वतनांची नवी कागदपत्रं भराभर व्हायला लागली ती राजाराम महाराजांच्या काळात, १६८९ नंतर. एकीकडून औरंगजेब सनदा देतोय, दुसरीकडून जिंजीहून सनदा येताहेत, आणि एकाच वतनावर दोन घराण्यांकडे दोन राज्यांचे शिक्के. त्या ओढाताणीतला धडा सुमारे १७१५ च्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी फार रोखठोक लिहिलाय: देशमुख, देशकुलकर्णी, पाटील, कुलकर्णी यांना वतनदार म्हणणं ही बोलण्याची रीत झाली, हे खरं तर लहानसे पण स्वतंत्र देशनायकच, आणि राज्याचे दायाद, म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद. ज्याने आयुष्य या लोकांना सांभाळण्यात घालवलं त्याचं हे निरीक्षण आहे.

आता चौथा प्रश्न, तुमच्या घराचा. खरं तर तुम्हाला हाच विचारायचा होता.

‘सलास’ म्हणजे तीन, ‘सबैन’ म्हणजे सत्तर, ‘मया’ शंभर, ‘अलफ’ हजार. बेरीज ११७३. हा सुहूर सन, मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलणारा. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे तुमचा कागद जून १७७२ ते जून १७७३ मधला. १८ नोव्हेंबर १७७२ ला थोरले माधवराव गेले, म्हणून कागद त्याआधीचा असेल तर माधवरावांच्या अखेरच्या महिन्यांतला, नंतरचा असेल तर नारायणरावांच्या कारकिर्दीतला. ओळीच्या शेवटी ‘छ’ आणि त्यापुढे एखादा आकडा व महिन्याचं नाव असेल, जिल्काद, जिल्हेज, मोहरम, सफर असं काही. ‘छ’ म्हणजे चंद्र, तो मुसलमानी महिन्यातला दिवस. तेवढं वाचता आलं की तारीख पक्की होईल आणि पेशवा कोण तेही ठरेल.

म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर ब्याण्णव वर्षांनी लिहिलेला हा कागद. आजोबा खोटं बोलले असं मात्र यावरून म्हणू नका. १७७२ चा कागद जुन्या सनदेचा उल्लेख करत असू शकतो. वतनाच्या वादात दोन्ही पक्ष आपापल्या ‘करीना’ सांगतात, म्हणजे मूळ कुणाचं, कुणापासून कसं आलं याची हकीकत, आणि त्यात ‘थोरले कैलासवासी स्वामींच्या वेळेस’ असा मजकूर आला तर आजोबांच्या आठवणीचं मूळ तिथे असेल. पण तो पक्षकाराचा दावा असतो. मी सुरुवातीच्या काळात ‘पूर्वापार’ आणि ‘पिढी दर पिढी’ हे शब्द वाचून भारावून जायचो आणि घरच्यांना तसं सांगूनही टाकायचो. पुढे लक्षात आलं की ज्याचा ताबा वीस वर्षांचा तोही ‘पूर्वापार’च लिहितो, कारण अर्जाची भाषाच ती. तेव्हापासून मी दावा एका रंगाच्या पेन्सिलीने आणि निवाडा दुसऱ्या रंगाने खुणावतो. तुम्हीही तसंच करा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. कागद सनद आहे, महजर आहे, खरेदीखत आहे की नुसतं जाबसालाचं पत्र, यावर सगळं फिरतं. साध्या गावच्या पाटीलकीला राजाची सनद असणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. बहुतेक घरांत निघतो तो महजर, म्हणजे गोतसभेचा निवाडा. तो असेल तर खाली गावकऱ्यांच्या निशाण्या असतील. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. नांगर कुठल्या नावासमोर काढलाय ते पाहा. तिथे तुमच्या पूर्वजाचं नाव असेल तर १७७२-७३ साली पाटीलकी तुमच्या घरात होती हे गावाने मान्य केल्याचा तो पुरावा, आणि माझ्या लेखी तो सनदेपेक्षा कमी मोलाचा नाही. राजा दूर असतो, परटाला माहीत असतं पाटील कोण ते.

कागद अस्सल की नक्कल हेही पाहावं लागेल. इंग्रजांनी १८५२ च्या इनाम कमिशनच्या वेळी पुरावे मागितले तेव्हा घरोघरी जुन्या कागदांच्या नकला झाल्या. त्या खोट्या नव्हेत, पण कागद, शाई आणि वळण एकोणिसाव्या शतकाचं असतं. एका गृहस्थांनी माझ्याकडे ‘तीनशे वर्षांचा’ कागद आणला होता. उजेडात धरला तर विलायती कागदाचा पाणछापा दिसला. मजकूर मात्र जुन्या कागदावरून इमानाने उतरवलेला होता आणि त्याचा उपयोगही झाला.

शिवकाळाच्या मागे तुमचं घर नेता येईल का? थोड्या घरांचं नेता येतं. अडचण दुष्काळांची. दख्खनमध्ये गावं एकसंध टिकली असं नाही, ती उजाड झाली आणि पुन्हा वसली. १६३० ते ३२ चा महादुष्काळ तुम्हाला तुकोबांच्या चरित्रातून माहीत आहे. त्यांचं घर देहूच्या महाजनकीचं, म्हणजे वतनदारच, आणि त्या दुष्काळाने ते घर मोडलं. असा दुष्काळ पडला की गाव ओस पडतं, आणि नंतर सरकार कौल देतं: जो कुणबी आणून गाव वसवील त्याला पाटीलकी. माझ्या हातून गेलेल्या पाटील घराण्यांपैकी ज्यांची सुरुवात कागदात सापडली, त्यांतल्या बऱ्याच जणांची ती अशा ‘गाव वसवण्या’त सापडली. काहींना हे ऐकून वाईट वाटतं, आपण ‘मूळचे’ नाही म्हणून. मला त्यात कमीपणा दिसत नाही. ओसाड रानात औतं, बियाणं आणि माणसं घेऊन जाणारा माणूस ही पाटीलकीची सगळ्यात खरी सुरुवात.

आणि ही गोष्ट इथे नवी नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन हुकूम कोरलेले आहेत. पहिला त्याच्या अठराव्या वर्षाचा: ककडी गावातली, पूर्वी उषवदाताकडे असलेली दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन भिक्षूंना दिली. दुसरा चोविसाव्या वर्षाचा, त्यात त्याची आईही सामील आहे, आणि तो सांगतो की ती जमीन फुकट गेली. ‘तच खेत न कसते, सो च गामो न वसति.’ शेत कसलं जात नाही, गाव वसत नाही. म्हणून त्याऐवजी शहराच्या शिवेवरची शंभर निवर्तनं. राजाने दिलेलं दान वसवणाऱ्या माणसाअभावी वाया गेलं. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सतराव्या शतकातले कौल आठवले.

त्याच लेखात जमिनीला दिलेल्या सवलती आहेत: सरकारी माणसांनी आत शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात तेच ‘अचाटभटप्रवेश’ होऊन येतं, आणि दानपत्रांत त्याच्या शेजारी जमिनीखालच्या पुरलेल्या धनासह, ‘सनिधिनिक्षेप’. मोडी इनामपत्रात तेच ‘जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित, हक्कदार व इनामदार खेरीज करून’ असं येतं. राज्यं बदलली, दरबारची भाषा बदलली, कारकून कुठल्या कुठल्या जातीचे झाले, पण जमीन देताना काय काय देतो हे सांगण्याची रीत हातातून हातात गेली. मला संस्थांचं मूळ शोधायला हे वाक्प्रचार राजांच्या नावांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. राजाचं नाव लेखनिक बदलतो. ठरलेला मजकूर तो जुन्या कागदावरून उतरवतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमचा कागद वाचताना समोर येईलच. पाटलाचं वतन हे मानाचं आणि उत्पन्नाचं होतं. त्याच गावातलं महाराचं वतन नावाला वतन, आणि प्रत्यक्षात रात्रंदिवस राबवणारं बंधन होतं. सरकारी निरोप न्यायचे, वेशीची राखण करायची, मेलेलं जनावर ओढायचं, शिवेच्या भांडणात साक्ष द्यायची, आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुतं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले आणि महार वतनही मोडीत काढलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते याच बंधनातून माणसांना सोडवण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं, आणि १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचं पद. आज गावात जो पोलीस पाटील असतो तो १९६७ च्या कायद्याने नेमलेला, वारसाहक्काने आलेला नव्हे. तेव्हा महजराच्या खालच्या निशाण्या वाचाल तेव्हा फक्त नांगर शोधून थांबू नका. प्रत्येक निशाणीमागे एक घर आहे आणि त्यातल्या अनेक घरांकडे स्वतःचा असा दुसरा कागद नाही. त्यांचं नाव तुमच्याच पेटीत आहे.

थोडक्यात जमवून सांगतो. गावच्या म्होरक्याचं काम दोन हजार वर्षांचं. पाटील हा शब्द हजार वर्षांचा. हिश्शांची आणि मानाची मुळं यादवकाळात स्पष्ट दिसतात, त्यांना वतनाचं कागदी रूप बहामनींपासून पुढे येत गेलं, शिवकाळात लगाम बसला आणि राजाराम महाराजांच्या काळात ते फोफावलं. तुमच्या घराचं वय आज हातात असलेल्या पुराव्यावरून १७७२-७३ पर्यंत जातं; ते मागे सरकेल की नाही ते कागदाच्या पोटातला मजकूर सांगेल.

पुढे काय करायचं तर कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून काढा. पाठीमागची कोरी वाटणारी बाजू वगळू नका, कारण मोर्तब (मजकूर संपल्याचा शिक्का) किंवा दप्तरातली नोंद बऱ्याचदा तिथे असते. जोडपत्रं असतील तर सांध्यावरचा शिक्का दिसेल असा वेगळा फोटो घ्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घडीवर फाटला असेल तर तसाच दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा. मग जिल्हाधिकारी कार्यालयात गावाचं वतन रजिस्टर आणि अलिनेशन रजिस्टर (इनाम जमिनींची नोंदवही) पाहायला अर्ज करा. तिथे एकोणिसाव्या शतकातली वंशावळ मिळाली तर ती आणि कागदातली नावं जोडता येतील. मधल्या पिढ्यांचा दुवा पुण्याच्या पेशवे दप्तरात मिळू शकतो, पण तिथे तालुका आणि जुना परगणा दोन्ही माहीत असल्याशिवाय जाऊ नका, नुसत्या गावाच्या नावाने रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, सापडत नाहीत.

आणि वाट पाहता पाहता आजोबांचं एखादं जमिनीचं खरेदीखत घरात असेल तर ते काढा, अगदी १९७०-८० मधलं, बॉलपेननं किंवा टाइप करून लिहिलेलं चालेल. चतुःसीमा संपल्यानंतरची ओळ वाचा. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ हे शब्द तिथे आहेत का ते मला कळवा.